मांत्रिकाच्या माथीं इतिहास

गेल्या सत्राच्या अखेरीस ऐतिहासिक कादंबरीवर व्याख्यान देत असतां आम्हीं वर्गाला सहज विचारलें कीं, छत्रपति संभाजी महाराज संगमेश्वरीं शत्रूच्या हातीं लागले ते कशामुळें? पुढच्या बांकावरील एका हुशार विद्यार्थ्यानें तत्काळ उत्तर दिलें, "सर, कलुषानें त्यांना अनुष्ठानांत गुंतवून ठेवलें होतें, आणि शेवटीं मंत्र उलटला." "आणि मुकर्रबखान आला कोठून?" असें आम्हीं पुढें विचारलें, तेव्हां तो गप्प बसला. खान आला तो कोल्हापुराकडून. ज्या गांवांत हा मुलगा रोज शिकावयास येतो, त्याच मुलखांतून मोंगलांचें घोडदळ सह्याद्रीचे घाट ओलांडून गेलें, ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. अनुष्ठानाची घटका, कुंडांत पडणाऱ्या आहुति आणि मांत्रिकाच्या डोळ्यांतील लाली मात्र तोंडपाठ होती. त्या दिवशीं उचगांवास घरीं पोंचेपर्यंत तें उत्तर आमच्या मनांतून जाईना. हें ज्ञान त्यानें ज्या कादंबरींतून मिळविलें तिचें नांव आम्ही येथें देत नाहीं. दोष एका पुस्तकाचा असता तर त्याचें परीक्षण लिहून आम्ही मोकळे झालों असतों. दोष एका पद्धतीचा आहे, आणि ती पद्धति अलीकडे फार बोकाळली आहे.

या पद्धतीचा सांचा वाचकांच्या परिचयाचा आहे. अमावास्येची रात्र, पडक्या देवळाचा गाभारा, कवटींतून पाणी पिणारा कापालिक, मेण्यांतून गुपचूप आलेली सवत राणी. बिब्बा, लिंबू, टाचण्या टोंचलेली कणकेची बाहुली. आणि चार प्रकरणांनंतर अंथरुणाला खिळलेला राजपुत्र. मधल्या चार प्रकरणांत दरबार असतो, नाहीं असें नाहीं. पण त्या दरबाराला काम एवढेंच कीं, मांत्रिकाला आंत येण्यासाठीं मागचें दार उघडें ठेवावें. फडावरचा हिशेब, थकलेला पगार, वारसाचा तंटा, सरदारांचीं वतनें, शेजारच्या सत्तेचा वकील, हें सर्व त्या एका बाहुलीपुढें निस्तेज होऊन जातें.

अद्भुताशीं आमचें वैर नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. मराठी कादंबरी अद्भुताच्याच अंगणांत रांगली. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं निघाली, रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालीं. आमच्या आज्या-पणज्यांनीं तीं पुस्तकें उशाशीं घेऊन वाचलीं, आणि त्यांचें कांहीं बिघडलें नाहीं. कारण तेथील राजे कल्पनेंतले होते. त्यांच्यावर कोणतेंहि कुभांड रचलें तरी कोणा खऱ्या माणसाची अब्रू जात नव्हती. हिंदींत देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांते'नें लोकांना वेड लावलें. पण तेथील तिलिस्मसुद्धां अखेर कळींनीं आणि युक्त्यांनीं उलगडतें. १८७१ सालीं गुंजीकरांचें 'मोचनगड' पुस्तकरूपानें आलें, मागून हरिभाऊ आपट्यांचा 'उषःकाल' आला, आणि कादंबरीनें खऱ्या काळाशीं सोयरीक केली. सोयरीक केली म्हणजे सोयऱ्याचें देणें-घेणें आलें. खऱ्या राजाचें नांव, खरा गड, खरी तिथि उसनी घेणाऱ्या लेखकानें त्या नांवांना धक्का लागणार नाहीं इतकी जामीनकी स्वीकारलेली असते. ती जामीनकी आज सरसकट बुडविली जात आहे, ही आमची तक्रार आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. राजवाड्यांतील कारस्थानांत जादूटोणा हें बहुधा कारण नसतें. तो आरोप असतो. विष घातल्याचा आरोप सिद्ध करावयास विष सांपडावें लागतें, फितुरीचा आरोप सिद्ध करावयास पत्र सांपडावें लागतें. करणी केल्याचा आरोप सिद्ध करावयास कांहींच सांपडावें लागत नाहीं. म्हणून तो दुबळ्या पक्षावर, परमुलखांतून आलेल्या माणसावर, आणि विशेषतः सत्ता हातीं आलेल्या स्त्रीवर फार लौकर बसतो. असा आरोप जो कादंबरीकार आपल्या पुस्तकांत प्रत्यक्ष घडलेली गोष्ट म्हणून दाखवितो, तो इतिहास लिहीत नाहीं आणि कल्पनाहि लढवीत नाहीं. तो फिर्यादीच्या बाजूनें साक्ष देतो.

कवि कलशाचें उदाहरण घ्या. हा कनोजी ब्राह्मण उत्तरेंतून आला, संभाजी महाराजांचा विश्वास त्यानें मिळविला, आणि 'छंदोगामात्य' या पदाला चढला. त्याच्या नांवाचें 'कलुषा' झालें आणि मंत्रतंत्रानें राजाला वश करणारा पाताळयंत्री म्हणून तो बखरींतून, नाटकांतून व कादंबऱ्यांतून पिढ्यान् पिढ्या नाचविला गेला. या चित्राला मोठा आधार मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीचा. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे संगमेश्वरच्या प्रसंगानंतर सुमारें सवाशें वर्षांनीं लिहिली गेली. आणि लिहिणारा कोण? १६८१ सालीं संभाजी महाराजांच्या आज्ञेनें ज्यांना देहान्त शिक्षा झाली त्या बाळाजी आवजी चिटणीसांच्या घराण्यांतला पुरुष. घरचें दुःख सवाशें वर्षें जिवंत राहतें, यांत आम्हांस कांहीं नवल वाटत नाहीं, आणि बखरकाराला आम्ही दोषहि देत नाहीं. पण ज्याच्या घराण्याचा कलह राजाशीं होता, त्याची साक्ष राजाच्या स्नेह्याविरुद्ध कितपत चालावी, हा प्रश्न कोणत्याहि न्यायाधीशाला सुचला असता. कादंबरीकाराला तो सुचत नाहीं, कारण बखरींतला मांत्रिक त्याला आयता मिळतो.

आतां त्या मांत्रिकाला क्षणभर बाजूला सारून जें उरतें तें पाहा. ३ एप्रिल १६८० रोजीं शिवछत्रपति गेले. संभाजी महाराज तेव्हां पन्हाळ्यावर होते. रायगडावर दहा वर्षांच्या राजारामाला गादीवर बसविण्याचा घाट सोयराबाईंच्या पक्षानें घातला; अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पेशवे थोरल्या राजपुत्राला कैद करण्यासाठीं पन्हाळ्याच्या वाटेला लागले. तेव्हां सेनापति हंबीरराव मोहिते, म्हणजे खुद्द सोयराबाईंचे बंधु, भाच्याचा पक्ष सोडून सवतीच्या मुलाच्या बाजूनें उभे राहिले आणि त्यांनीं मंत्र्यांनाच कैद केलें. बहिणीचा शब्द एकीकडे आणि राज्य दुसरीकडे, या कात्रींत सांपडलेल्या सेनापतीच्या मनांत काय चाललें असेल? ज्याला लेखणी धरतां येते त्यानें या एका रात्रीवर शंभर पानें लिहावीं. आमचे कादंबरीकार तेथें एक पान लिहितात आणि शंभर पानें स्मशानांत घालवितात.

पुढची हकीकतहि अशीच आहे. १६८६ सालीं विजापूर पडलें, १६८७ सालीं गोवळकोंडें पडलें, आणि औरंगजेबाची सारी फौज मराठ्यांवर मोकळी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस वाईजवळच्या लढाईंत हंबीरराव कामास आले. शिर्क्यांसारखें सोयऱ्यांचें घराणें वैरी झालें होतें. अशा वेळीं १६८९ च्या फेब्रुवारींत मुकर्रबखान कोल्हापुराकडून अवघड घाटवाटांनीं अकस्मात् संगमेश्वरीं जाऊन धडकला. या साऱ्यांत मंत्राला शिरावयास फटच कोठें आहे? आणि ११ मार्च १६८९ रोजीं धन्याबरोबर, धन्यासारखेच हाल सोसून, कलशहि मेला. धन्याला मोहिनी घालून राज्य बुडविणारा कपटी माणूस बादशहाकडून बक्षीस घेतो. तो धन्याच्या शेजारीं जीव देत नाहीं. वा. सी. बेंद्रे यांचें चरित्र १९६० सालीं आलें, कमल गोखले यांचें १९७१ सालीं. त्यांनीं कागद तपासून ही मळी बरीच धुऊन काढली. १९७९ सालीं आमच्याच जिल्ह्यांतील आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनीं 'छावा' लिहिली आणि तींत कलशाला जिवाभावाचा स्नेही म्हणून उभें केलें. मांत्रिक नाहीं म्हणून त्या कादंबरीकडे वाचकांनीं पाठ फिरविली, असें कोणी ऐकलें आहे काय? इतकें होऊनहि नवे लेखक पुन्हा जुन्या उकिरड्यावर जातात, याचें आम्हांस वाईट वाटतें.

दुसरें उदाहरण करवीरच्या गादीचेंच आहे. १७६० च्या अखेरीस कोल्हापूरचे छत्रपति संभाजी निपुत्रिक वारले. ही गादी साताऱ्यांत विलीन करावी असें पुण्याच्या मनांत होतें. राणी जिजाबाईंनीं तें होऊं दिलें नाहीं. सवत कुसाबाई गरोदर आहे, हें कारण पुढें करून त्यांनीं वेळ काढला, पेशव्यांच्या घरांतील अडचणी ओळखल्या, आणि १७६२ सालीं माधवरावांकडून दत्तकाला मान्यता मिळवून राज्य वांचविलें. १७६५ सालीं मालवणच्या आरमारापायीं त्यांचें इंग्रजांशीं युद्ध जुंपलें. सिंधुदुर्ग कांहीं काळ इंग्रजांच्या हातीं गेला आणि पैका भरून परत घ्यावा लागला. १७७३ पर्यंत या बाईंनीं कारभार हांकला. दत्तक, गरोदरपण, मुत्सद्दी, समुद्र आणि सवत, एवढें सारें एका आयुष्यांत! आणि इंग्रजी अमदानींत लिहिल्या गेलेल्या वृत्तांतांत त्यांच्या नांवावर ठळक राहिलें काय? तर पन्हाळ्यावर कालीपुढें दिलेल्या नरबळींची कथा. ज्यांच्या जहाजांना मालवणच्या गलबतांनीं त्रास दिला, त्यांच्याच वारसांनीं ही कथा टिपून ठेवली. तिचा खरेखोटेपणा ठरविण्याचें काम संशोधकांचें आहे. पण बारा वर्षें राज्य राखणाऱ्या स्त्रीचें चरित्र हातीं आलें असतां ज्या लेखकाचा हात प्रथम त्या कालीच्या देवळाकडे जातो, त्याच्या रसिकतेविषयीं आम्हांस शंका आहे. पुरुषानें राज्य राखलें कीं तो मुत्सद्दी. स्त्रीनें राखलें कीं तिच्यापाशीं कांहींतरी विद्या असली पाहिजे, असा हा न्याय आहे.

तिसरा मासला शनिवारवाड्याचा. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आजहि त्या वाड्यांत रात्रीं त्यांची हांक ऐकूं येते, असें सांगून लोकांच्या अंगावर कांटा आणण्याचा धंदा जोरांत चालतो. पण सुमेरसिंग आणि त्याचे गारदी वाड्यांत घुसले ते थकलेल्या पगाराचें निमित्त करून. पेशव्यांचा खजिना, पगारी परदेशी पलटणी आणि घरांतील वारसाहक्काचा कलह, या तिहींची गांठ पडली आणि एक तरुण मुलगा मेला. शिवाय या गोष्टीला रामशास्त्र्यांचा न्यायहि आहे. भूत रडतें तेव्हां आपण घाबरतों, आणि कोणाचा पगार कोणीं कां थकविला, हें विचारावयाचें विसरतों. मांत्रिक काय किंवा भूत काय, दोघांचाहि उपयोग एकच: जाब विचारणाऱ्याचें तोंड दुसरीकडे वळविणें.

यावर इंग्रजी शिकलेले आमचे मित्र लागलीच शेक्सपिअरला पुढें करतील. मॅक्बेथमध्यें चेटकिणी नाहींत काय? आहेत. पण त्या बोलतात मात्र. सुरी मॅक्बेथ उचलतो. त्या तीन म्हाताऱ्यांनीं राजाला मारलें असतें तर तें नाटक आज कोणीं वाचलें असतें? दरबारी कारस्थानांत जादूटोण्याचा उपयोग कसा करतात, हें शेक्सपिअरइतकें कोणीं ओळखलें नाहीं. त्याचा तिसरा रिचर्ड भर मंत्रिमंडळांत आपला वाळलेला हात उघडा करतो आणि म्हणतो कीं, एडवर्डच्या राणीनें आणि जेन शोअरनें चेटूक करून हा वाळविला. हात जन्मापासूनचा तसाच आहे, हें प्रेक्षकांस ठाऊक असतें. हेस्टिंग्जच्या तोंडून शंकेचा एक शब्द निघतो आणि त्यासरशीं त्याचें शिर जातें. चेटूक खोटें, आरोप खरा, आणि त्या आरोपाखालीं पडलेलें मुंडकेंहि खरें! नाटकाबाहेरहि असेंच घडलें होतें. १४४१ सालीं ग्लॉस्टरच्या ड्यूकची पत्नी एलिनॉर कॉबहॅम हिच्यावर सहाव्या हेन्रीला जादूनें मारूं पाहिल्याचा खटला झाला. तिला लंडनच्या रस्त्यांतून मेणबत्ती धरून प्रायश्चित्त करीत फिरविलें आणि जन्माची कैद दिली. तिच्याबरोबरच्या एका बाईला जाळलें. त्यांत खरा घायाळ झाला तो तिचा नवरा, आणि त्याचे दरबारांतील वैरी निर्धास्त झाले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्या काळच्या लोकांचा या गोष्टींवर विश्वास होता. मग कादंबरींत त्या कां नसाव्या? असाव्या, अवश्य असाव्या. ६ जून १६७४ रोजीं गागाभट्टांच्या हातून राज्याभिषेक झाल्यावर थोड्याच दिवसांत जिजाऊसाहेब निवर्तल्या. आणि त्याच वर्षीं २४ सप्टेंबर रोजीं निश्चलपुरी गोसाव्याकडून महाराजांनीं तांत्रिक पद्धतीचा दुसरा अभिषेक करविला. कोणाहि कादंबरीकारानें हेवा करावा असा हा प्रसंग आहे. आईच्या मरणानें हळवें झालेलें मन, अपशकुनांची कुजबूज, वैदिकांची नाराजी, तांत्रिकांचा आग्रह, आणि या सर्वांना एका छत्राखालीं आणूं पाहणारा राजा. त्याची श्रद्धा होती, कीं रयतेच्या मनांतील शंका फेडण्याचा तो उपाय होता, कीं दोन्ही? येथें मंत्राला फळ आलें कीं नाहीं, हें सांगण्याची लेखकाला गरजच पडत नाहीं. माणसाचा विश्वास हें सत्य आहे आणि त्याचे परिणामहि सत्य आहेत. तें लिहावें. विश्वासाच्या जागीं चमत्कार घातला कीं माणूस नाहींसा होतो आणि उरतो तो धूर.

कोल्हापूरच्या दरबारांत मंत्रावरून जें खरें रण माजलें तें तर कापालिकाच्या कोणत्याहि मंत्राहून भयंकर होतें. १८९९ च्या सुमारास पंचगंगेच्या घाटावर शाहू महाराजांच्या लक्षांत आलें कीं, आपल्या स्नानप्रसंगीं पुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणतां पुराणोक्त म्हणत आहे. तेथून जें वेदोक्त प्रकरण सुरू झालें त्यानें वतनें गेलीं, घरें दुभंगलीं, वर्तमानपत्रें एकमेकांवर तुटून पडलीं, आणि महाराष्ट्राच्या समाजकारणाला वळण लागलें. मंत्राचें सामर्थ्य पाहावयाचें असेल तर तें येथें पाहावें. तो कोणीं म्हणावा आणि कोणासाठीं म्हणूं नये, या एका प्रश्नांत त्याचें सारें बळ आहे. या विषयावर कादंबरी लिहावयास धैर्य लागतें. स्मशानांतील कवटीवर लिहावयास दिव्यांत तेल असलें म्हणजे पुरतें.

शेवटचा बचाव ठरलेला आहे. ही करमणूक आहे. एवढें काय मनावर घ्यावयाचें? आम्ही तें मनावर घेतों याचें कारण ऐका. २० ऑगस्ट २०१३ रोजीं डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यांत खून झाला, आणि त्यांनीं वर्षानुवर्षें मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षीं या राज्यांत झाला. एखादी व्यक्ति करणी करते, तिच्यामुळें रोगराई आली, असें म्हणून तिला छळणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. म्हणजे शेजारच्या म्हातारीविषयीं जें उठविल्याबद्दल गांवांतला अडाणी माणूस तुरुंगांत जाऊं शकतो, तेंच एखाद्या मृत राणीविषयीं सुबक कागदावर छापणारा सुशिक्षित माणूस व्यासपीठावर शाल घेतो. मृतांना फिर्याद करतां येत नाहीं, एवढाच यांतला फरक. आणि ज्या घरांत मुलांनीं मोठ्या आवडीनें राणीची करणी वाचली, त्याच घरांत उद्यां सुनेचें मूल आजारी पडलें असतां कोणाकडे बोट दाखविलें जाईल, याचा विचार शिकलेल्या आईबापांनीं करावा.

आम्ही राहतों त्या उचगांवाहून कोल्हापुरास जातांना टेंबलाईची टेकडी लागते. तिच्यावरील त्र्यंबोली देवीची कथा या भागांत लहान मुलांनाहि ठाऊक आहे. कोल्हासुराच्या मुलानें कपिल मुनींचा योगदंड मिळविला आणि त्याच्या बळानें सर्व देवांना मेंढरें केलें. त्र्यंबोलीनें युक्तीनें तो दंड काढून घेतला, दैत्याला मारलें, देवांना सोडविलें. पुढें विजयाचा सोहळा झाला आणि त्या सोहळ्याला त्र्यंबोलीला बोलावण्याचें राहून गेलें. ती रुसली, आणि नगराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. तिची समजूत घालावयास स्वतः अंबाबाईला जावें लागलें. म्हणून आजहि ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेकडीवर येते, कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो, आणि त्याच्या तुकड्यासाठीं लोकांची झोंबाझोंबी उडते.

ज्यांनीं ही कथा रचिली ते आमच्या आजच्या लेखकांपेक्षां भाविक होते, यांत शंका नाहीं. जादूवर त्यांचा पुरा विश्वास होता. तरी देवांना मेंढरें करणारा तो दंड त्यांनीं चार वाक्यांत संपविला, आणि राज्य वांचविणारीला आमंत्रण द्यावयाचें विसरलें, ही गोष्ट मात्र शेंकडों वर्षें दरसाल पालखी काढून आठवणींत ठेवली. दरबाराचें खरें मर्म त्यांना कळलें होतें. आमच्या ऐतिहासिक कादंबरीकारांनीं एका ललितापंचमीला या टेकडीवर यावें, दंडाची गोष्ट ऐकून घ्यावी, आणि मग घरीं जाऊन त्या राहिलेल्या आमंत्रणाची कादंबरी लिहावी.